पोट भरल्यावर विचारलेला प्रश्न

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. मंडळात त्या निपाणीच्या आचाऱ्याचा विषय निघाला की नेमका मला फोन यायचा. म्हणजे येत नसे, मीच तो कानाला लावून व्हरांड्यात जायचो. परवा बायको म्हणाली, "अहो, फोन उलटा धरलाय तुम्ही." तेव्हा आता लिहूनच टाकतो.

राजाजीनगरात आमचं एक छोटं मराठी मंडळ आहे. सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी त्याचा चिटणीस झालो, कारण निवडणुकीच्या सभेला मी उशिरा पोहोचलो. मंडळाचा हॉल आहे, मागे स्वयंपाकघर, आणि त्याला लागून एक खोली. जुना आचारी गावी गेला तेव्हा नवा शोधणं आलं. पगार बेताचाच होता. पण खोली होती, आणि बेंगळुरूत खोली ही पगारापेक्षा मोठी गोष्ट.

आमची पद्धत अशी की उमेदवारानं आधी समितीला जेवू घालायचं, मुलाखत नंतर. जेवताना कामाचं बोलायचं नाही, हा अध्यक्षांचा दंडक. ते निवृत्त शास्त्रज्ञ. प्रयोग चालू असताना बोललेलं त्यांना खपत नसे.

निपाणीचा हा माणूस पंचेचाळिशीचा असेल. त्यानं पुरणपोळ्या केल्या, कटाची आमटी केली, भरली वांगी केली. "स्वल्प तूप वाढू का, अण्णा?" असं म्हणत वाढायचा आणि ते 'स्वल्प' ताटाबाहेर ओघळायचं. खजिनदार बाईंना मधुमेह. त्यांनी पहिली पोळी तपासणी म्हणून खाल्ली आणि दुसरी खात्री करण्यासाठी. तिसरीचं कारण त्यांनी दिलं नाही.

हात धुऊन आम्ही खुर्च्यांवर बसलो. तो समोर उभा राहिला. खोलीचं ऐकून त्याचा चेहरा उजळला होता.

"म्हंजे मंडळीला आन् पोरीला आणता येतंय की," तो म्हणाला. "पोरगी आठवीत हाय. हितल्या शाळंत घालतो."

सगळं ठरल्यातच जमा होतं. तेवढ्यात मी विचारलं, "तुमच्यावर कधी पोलीस केस?"

"हाय की," तो म्हणाला.

खजिनदार बाईंची ढेकर अर्ध्यावर थांबली.

"दाजीला झाऱ्यानं हाणलं, अक्का. भनीच्या दिराचं लगीन हुतं, सैपाक माझ्याकडं. मानसं वाढली, तर या बाबानं मी पाठ फिरवल्यावर आमटीत बादलीभर पानी वतलं!"

"बादलीभर?" बाई कळवळल्या.

"भरून! टाकं पडलं, केस झाली, कोर्टात दंड भरला. झालं त्ये झालं."

"आता दाजी बोलतात का?" अध्यक्षांनी विचारलं.

"बोलत्यात की. दिवाळीला माज्याच हातची शेव खात्यात."

त्याला बाहेर बसवून आम्ही चर्चेला लागलो. अध्यक्षांच्या मते ही घटना म्हणजे कामावरची निष्ठा होती. बाई म्हणाल्या, "आपल्या मंडळात त्याचा कोणी दाजी नाही. आणि असला तर त्यानं आमटीपासून लांब राहावं."

मी मात्र हट्टाला पेटलो. संस्थेची अब्रू, महिला सभासद, लहान मुलं, सगळं काढलं. "उद्या झारा उगारला तर जबाबदार कोण?" असं टेबलावर हात आपटून विचारलं. जबाबदारीचं नाव निघाल्यावर आमच्या समितीत कोणी टिकत नाही. त्याला नकार मिळाला. पोटात त्याच्याच पोळ्या घेऊन नकार सांगायला मीच बाहेर गेलो. "सरी, अण्णा," एवढं कानडीतलं 'बरं' म्हणून त्यानं आपला पोळपाट पिशवीत घातला.

आता मी एवढा का पेटलो होतो, ते सांगतो.

कॉलेजात असताना सांगलीच्या एका टॉकीजबाहेर मला पोलिसांनी धरलं होतं. मित्रांसाठी तिकिटं काढली, मित्र आलेच नाहीत, म्हणून मी ती जरा चढ्या भावानं विकायला उभा राहिलो. पहिलं गिऱ्हाईक साध्या वेशातला हवालदार निघालं. मलाही कोर्टात दंड झाला. पुढे कारखान्यातली नोकरी लागताना हाच प्रश्न छापील समोर आला, आणि मी 'नाही' लिहिलं. चौकशीला घरी पोलीस आला. त्यानं आईचे बेसनाचे लाडू खाल्ले आणि मुलाची वर्तणूक कशी आहे, हे चक्क आईलाच विचारलं. आई म्हणाली, "देवमाणूस आहे हो." तेच वर गेलं असावं. त्या 'नाही'वर मी सबंध नोकरी केली, पेन्शनही घेतो आहे. त्यामुळे कोणी 'हाय की' असं सरळ म्हणालं की मला तो छापील प्रश्न दिसतो, आणि तो दिसला की मी मोठ्यानं बोलतो.

मालकानं हा प्रश्न विचारावा की नाही, यावर शहाणे लोक पुष्कळ बोलतात. विचारावा, असं मला अजूनही वाटतं. पण काय घडलं होतं, किती जुनं आहे, आणि त्याचा या कामाशी काय संबंध, हे पुढचे प्रश्न विचारायची तयारी असेल तरच. नाहीतर खोटं बोलणारा आत येतो आणि खरं बोलणारा पोळपाट उचलतो. आम्ही नंतर नेमलेल्या आचाऱ्यावर एकही केस नव्हती. त्याचं वरण खाऊन बाई म्हणाल्या, "याच्यावर आपणच एक घालू या का?"

निपाणीकर मला पुन्हा एकदाच भेटला. कोरमंगलात माझा भाचा ज्या पीजीत राहायचा तिथे तो स्वयंपाकाला आहे, हे भाच्यानं केलेल्या आमटीच्या वर्णनावरून मी ओळखलं आणि गेलो. बसमध्ये वाक्य घोकत होतो: "तुमचं काही चुकलं नव्हतं. भीती माझी होती." पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. भीती कसली, असं त्यानं विचारलं की टॉकीजपासून सुरुवात करावी लागणार होती.

त्यानं मला बघताच पाट मांडावा तसं स्टूल पुसलं. "बसा, चिटणीसअण्णा! आधी जेवा."

मी पोरीची चौकशी केली.

"बारावी झाली की. गावाकडंच. हितं आमी चौघं आचारी एका खोलीत, मंडळीला कुठं आणू? वर्साकाठी दोनदा जातो. परवा गेलो तर मला अहो-जाहो कराय लागली, पावण्यासारखं."

तो हसला. मग माझ्या ताटाकडे बघत म्हणाला, "अण्णा, येक इचारू? त्या दिशी 'न्हाई' म्हनायला पायजे हुतं का मी?"

वाक्य तयार होतं. मी घास गिळला, तोंड उघडलं.

"स्वल्प भात वाढा," मी म्हणालो.