एकाच रेघेवर सगळे देश

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी प्रकल्पासाठी विषय घेतला: वेगवेगळ्या देशांतल्या बँका किती कमी खर्चात काम करतात, ते मोजणं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. एवढा मोठा विषय आपल्याला झेपेल का, अशी भीती होती. पण पद्धत मला फार आवडली. सगळ्यात कमी खर्चात काम करणाऱ्या बँकांची एक रेघ आखायची आणि बाकीच्या तिच्यापासून किती दूर आहेत ते बघायचं. मी सगळे देश एकाच रेघेवर बसवले. एका डोंगराळ देशाच्या झाडून सगळ्या बँका तळाला गेल्या.

"सगळ्याच कशा आळशी असतील?" मार्गदर्शक मॅडमनी विचारलं. मी पुन्हा आकडे चाळू लागले. "सोमवारी सांग. नाहीतर विषय बदलू. तुमच्या मुळशीतलीच एखादी पतसंस्था घे."

रविवारी आमच्याकडे भातलावणीची इर्जिक होती. गावातल्या बायका मजुरी न घेता लावायला येतात, आम्ही त्यांना जेवू घालतो आणि पुढे त्यांच्या लावणीला जातो. काकूच्या टोळीने सडकेजवळचं खाचर घेतलं, आईच्या टोळीने डोंगराकडचं. मी आईबरोबर होते. काकूचं आधी उरकलं.

"आमचं झालं बी! तुमी काय झोपला व्हय?"

"ये की वर," आई म्हणाली. "हितं रोपं डोक्यावरनं आणाया लागत्यात."

जेवणानंतर दोन खाचरं उरली होती, एक सडकेजवळ, एक वर डोंगराकडे; तेव्हा टोळ्यांची खरंच अदलाबदल झाली. आम्ही सडकेजवळचं लावून, हातपाय धुऊन बांधावर बसलो, तरी काकूची टोळी वर चिखलातच.

"काकू, रोपं वाहण्यात किती वेळ गेला आणि गप्पांत किती?" मी ओरडून विचारलं. मला खरोखरच हवं होतं ते.

"गप्पा बी मोजतीस व्हय गं? लई शिकलीस!"

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि एकदम थांबले. डोंगराचा वेळ वेगळा काढला, तरच गप्पांचा दिसणार होता. बँकांच्या बाबतीत मी तो काढलाच नव्हता. विरळ वस्ती, लांबलांबची गावं, एका शाखेला मोजकेच खातेदार, यातलं काहीच धरलं नव्हतं.

सोमवारी मॅडमना अडखळत सगळं सांगितलं, खाचरांसकट.

"मग डोंगराळ देशाला सगळं माफ?"

"नाही मॅडम. डोंगर वजा करून जे उरेल, ते त्यांचंच."

मॅडमनी माझ्या विषयाच्या मंजुरीच्या कागदावर सही केली. आता सगळी आकडेमोड पहिल्यापासून करायची होती.

"दोन महिन्यांचं काम वाया गेलं तुझं. हसतेस काय?"

मला हसू आवरतच नव्हतं. "मॅडम," मी विचारलं, "आज लॅब कितीपर्यंत उघडी आहे?"