बुधरीची दुसरी सुई

कुरखेड्याच्या दवाखान्यातल्या नर्स सुगंधाबाई पहाटे उठल्या की आधी चूल पेटवत आणि कोमट पाण्यात दोन्ही हात बुडवून बसत. रात्रीतून बोटं काठीसारखी ताठ होत. अर्ध्या तासानं कुठे मूठ मिटे. मग मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळायचं, ॲस्पिरिनच्या दोन गोळ्या घ्यायच्या आणि हात पदराखाली घेऊन दवाखाना गाठायचा. संधिवाताला दोन वर्षं झाली होती, पण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. नवरा गेल्यावर नागपूरला जाऊन त्या नर्सिंग शिकल्या होत्या, आणि सावली गावी म्हातारी आई त्यांच्याच पगारावर होती.

१९५४च्या हिवाळ्यात जंगलातल्या गावांत यॉजवर सुया देणं सुरू झालं. या रोगात अंगावर फोड येत, तळपाय फुटून माणसाला चालता येत नसे. एका सुईत उतार पडे, पण ते पेनिसिलीन तेलातलं, काकवीसारखं घट्ट. काचेच्या पिचकारीचा दट्ट्या अंगठ्यानं जोर लावून दाबावा लागे.

एका गावी साठावर सुया झाल्यावर बुधरी नावाची बाई पुढे आली. दट्ट्या मध्येच अडला. सुगंधाबाईंनी जोर केला तसा अंगठा घसरला, सुई बाहेर आली आणि औषधाचा ओघळ बुधरीच्या कमरेवरून खाली गेला. आत किती गेलं, कळेना. रांग पुढे सरकली होती. सुगंधाबाईंनी बुधरीच्या नावापुढे सुई दिल्याची खूण केली आणि पिचकारी पुन्हा भरली.

परतताना बैलगाडीत दवाखान्याचा शिपाई लटारू शेजारी बसला होता. "बाई, काई दुखून राह्यलं का? गप गप हाव."

"नाई भाऊ, थकले."

पण दोन दिवस त्यांना अन्न गोड लागेना. औषध कमी पडलं असेल तर बुधरीचे फोड पुन्हा उठतील. गाव म्हणेल, सुई खोटी. मग पुढच्या खेपेला कोणी दाराबाहेर येणार नाही. आणि खरं सांगावं तर नोकरी जाईल. मग त्या आणखी एका विचारापाशी थबकत: याआधी असं कोणाचं झालं, आणि आपल्याला कळलंच नाही, तर?

तिसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी त्यांचे हात उलटेसुलटे करून पाहिले. सांधे सुजून तांबडे झाले होते.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"मला चांद्याला जिल्हा कचेरीत कळवावं लागेल, बाई. पुढचं माझ्या हातात नाही." मग ते म्हणाले, "आधी त्या बाईला सुई देऊन या."

लटारूला घेऊन त्या पुन्हा गेल्या. बुधरी झोपडीच्या दारात टोपली विणत होती. पिचकारी पाहून ती आत सरकली.

"एकदा टोचली ना. मंग आता काऊन?"

सुगंधाबाईंनी सांगताना बोटं पुढे धरली. "माझा हात दुखते, बाई. त्या दिवशी अंगठा घसरला. औषध सांडलं. चूक माझी हाय."

बुधरीनं त्यांची बोटं एकेक करून दाबून पाहिली. "तुले कोणी सुई नाई देत?"

"याची सुई नाई निघाली."

बुधरी पाठमोरी उभी राहिली. लटारूनं पिचकारी दोन्ही हातांनी घट्ट धरली. सुगंधाबाईंनी दट्ट्या अंगठ्याऐवजी तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं दाबला. हळूहळू सगळं औषध आत गेलं.

दीड महिन्यानं तपासणी झाली तेव्हा बुधरीच्या जखमा भरल्या होत्या. पहिल्या सुईनं की दुसरीनं, हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

चांद्याचं पत्र मात्र येत नव्हतं. डाक आली की सुगंधाबाई हातातलं काम सोडून पाकिटं पाहत, आणि नाही आली की दिवस आणखी जड जाई. चौथ्या महिन्यात पत्र आलं. सुया देण्याचं काम काढून घेतलं होतं. मलमपट्टी आणि रोगी तपासून नोंदवायचं काम ठेवलं होतं. वर्षभरानं त्यांच्या हातांची पुन्हा तपासणी होईल, तोवरच.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग वर्षाचे महिने बोटांवर मोजू लागल्या, आणि मोजताना करंगळी पुरती वाकत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. बाहेर रांग लागली होती. त्या पट्ट्यांचा डबा घेऊन उठल्या.