बाईंना वाटलं, आजोबा झोपले

मरणाच्या दारातल्या रुग्णांना सोबत करायला येणाऱ्या त्या स्वयंसेविका बाई सिस्टरच्या पहिल्यांदा नजरेस पडल्या, तेव्हा खाटेवरच्या सुतार आजोबांना त्या स्वतःची गुडघेदुखी ऐकवत होत्या. आजोबांना मुलाला एकदा भेटायचं होतं.

"अहो, माझा मुलगा..."

"माझा तर परदेशात असतो!" म्हणत बाईंची टकळी पुन्हा सुरू. शेवटी आजोबांनी डोळे मिटले.

"बघितलंत सिस्टर? माझ्या आवाजाने कशी शांत झोप लागते!" बाई मिरवत निघून गेल्या.

आजोबांनी एक डोळा उघडला. "गेली का भवानी? आता माझ्या लेकाला फोन लाव गं, पोरी."

सिस्टरने लावला. मुलगा वेळेत पोचला.

बाई सध्या नव्या स्वयंसेवकांना रुग्णाचं ऐकावं कसं, ते शिकवतात.