ट्रायल रूमसमोरची स्कूटर

वैशालीताईंनी कार्डिगन काउंटरवर ठेवलं आणि परत घ्या म्हणाल्या. बिल होतं, टॅग होता, कुठं डाग नव्हता. कॅशियरनं कॉम्प्युटरवर परतीचं कारण निवडायला घेतलं. साइज, कलर, डिफेक्ट, एवढेच पर्याय होते. वैशालीताईंचं म्हणणं, यातलं एकही कारण नाही.

मी काचेतल्या पुतळ्याची मान सरळ करत होते. खाली उतरले आणि नेमकं काय झालं ते विचारलं.

"ताई, उभ्यानं मस्त दिसते हे," त्या म्हणाल्या. "पण गाडीवर बसली का मागून वर चढते. हँडल धरलं का बाही कोपराकडे सरकते. अन् समोरून उघडं, तर सगळी हवा आत."

वैशालीताई नागपूरच्या महाल भागात राहतात आणि कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे हिशेब लिहितात. तिथलं काम उजाडायच्या आत सुरू होतं. जाताना दात वाजतात, दुपारी परत येताना पाठीला घाम. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि नागपुरातले हे दिवस असेच असतात.

कॅशियरनं शेवटी 'साइज' दाबलं. त्या आठवड्यात परत आलेला तो काही पहिला कपडा नव्हता. सगळ्यांच्या नावापुढे 'साइज'च लिहिलं होतं.

माझं काम सांगते. मी व्हिज्युअल मर्चंडायझर, म्हणजे दुकानात कपडे कुठं, कसे, कशावर काय घालून दिसावेत हे ठरवणारी बाई. ठरवणारी म्हणायचं एवढंच. ठरवतं हेड ऑफिस. तिथून दर सीझनला प्लॅनोग्राम येतो. कुठल्या पुतळ्यावर कुठला कपडा आणि कुठल्या रॅकवर कुठला रंग, याचं ते चित्र असतं. मी बायकांच्या कपड्यांच्या एका साखळीची विदर्भातली दुकानं बघते. चित्र आणि दुकान जुळवून फोटो पाठवते.

यंदाचं चित्र 'ऑटम लेयरिंग'चं होतं. लेयरिंग म्हणजे थरावर थर. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे घालायचे आणि ऊन चढेल तसे उतरवायचे. कल्पना चांगली आहे, मला पटते. पण चित्रातली बाई पिवळ्या पानांच्या रस्त्यावर उभी होती. आत उंच गळ्याचा टॉप, वर ढगळ कार्डिगन, त्यावर पोटरीपर्यंतचा उघडा श्रग. ऑक्टोबरात मी हे सगळं पुतळ्यांवर चढवलं तेव्हा दुकानात एसी असूनही मला घाम फुटला होता. आमच्याकडे पानं पिवळी व्हायला अजून वेळ होता.

तरी दिवाळीत माल खपला. नवं होतं, दिसायला छान होतं, भाऊबीजेच्या फोटोंत उठून दिसलं असेल. थंडी पडली, बायका ते घालून कामावर निघाल्या आणि कपडे परत यायला लागले.

याचा फटका बसणार होता रुपालीला. रुपाली दुकानाची मॅनेजर, पण कच्ची. पाच-सहा वर्षं तिनं याच दुकानात सेल्सगर्ल म्हणून काढली होती. जुना मॅनेजर सोडून गेला तेव्हा तिला प्रोबेशनवर त्या खुर्चीत बसवलं. ऑटमचा सीझन बघायचा, मग पक्कं करायचं, नाहीतर परत फ्लोअरवर, असं तोंडावर सांगितलं होतं. नोकरी जाणार नव्हती. पण उशिरा आल्याबद्दल, मोबाइल बघत बसल्याबद्दल ज्या पोरींना ती झापत होती, त्यांच्याच शेजारी उभं राहून तिला पुन्हा कपड्यांच्या घड्या घालाव्या लागल्या असत्या. हे मला तिच्यापेक्षा जास्त लागत होतं. ती चांगली मॅनेजर होती.

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी परत आलेल्या कपड्यांच्या ढिगापुढे बसलो. रुपाली रडकुंडीला आली होती. "मॅडम, मले समजूनच नाही राहिलं," ती म्हणाली. "ट्रायल रूममधून बाया हसत बाहेर येते, मग चार दिवसांनी परत काहून आणते?"

मी तिला सांगितलं, आपला पुतळा उभा असतो. ट्रायल रूममधली बाई पण उभीच असते. आणि आपलं गिऱ्हाईक दिवसभरात सगळ्यात जास्त थंडी खातं ते बसून, हात पुढं करून.

हे लक्षात यायला मला इतका वेळ लागला याचा मला राग आला. कारण आमच्या दुकानात शिरणारी प्रत्येक बाई दारात आधी अर्धं सामान उतरवते. हेल्मेट, त्याखालचा तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ, हातमोजे, उन्हासाठी कपड्यावर घातलेला पांढरा सुती सनकोट. नागपूरच्या बायका भर उन्हाळ्यात लेयरिंग करतात. त्यांना थर कसे चढवायचे हे शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या थरांत आमचा कपडा कुठं बसतो, एवढंच बघायचं होतं.

मी म्हटलं, ट्रायल रूमसमोर एक स्कूटर उभी करू या. रुपालीनं माझ्याकडे बघितलं. "साठे सर येऊन राहिले या आठवड्यात," ती म्हणाली. साठे सर म्हणजे आमचे रीजनल मॅनेजर, मुंबईत बसतात. दुकानात एक हँगर उलटा दिसला तरी त्यांच्या कपाळावर आठी पडते. मी म्हटलं, मग राहू दे. ती उठली आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन स्वतःची बॅटरीवाली गाडी सामानाच्या लिफ्टनं वर घेऊन आली. बॅटरी काढली, चाकं पुसली, खाली जुनी चादर अंथरली आणि गाडी डबल स्टँडवर लावली. ट्रायल रूमबाहेरचा उभा आरसा बसलेली बाई बाजूनं दिसेल असा फिरवून घेतला.

पोरी खिदळल्या. गिऱ्हाइकं आधी लाजली, मग रांग लागली. कपडा घालायचा, गाडीवर बसायचं, हँडल धरायचं, मान वळवून आरशात बघायचं. त्या आरशात आमचा निम्मा ऑटम नापास झाला. लांब श्रग चाकाकडे लोंबायचा, तो विकणं म्हणजे पापच होतं. उंच गळ्यावर स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट चढवलं की बाईला श्वास घेणं कठीण. ढगळ कार्डिगन आता कोणी घेईना.

पास झालं ते असं. आत नेहमीचा सुती कुर्ता, गोल गळ्याचा. त्यावर बिनबाह्यांचं, चेन असलेलं पातळ क्विल्टेड, म्हणजे आत कापसाचा थर शिवलेलं जाकीट, कमरेखाली चार बोटं येणारं. छाती आणि पाठ झाकली की थंडी निम्मी कमी होते आणि हात मोकळे राहतात. वरून मोठा सुती स्टोल, सकाळी तोंडाला आणि ऑफिसात खांद्यावर. ऊन चढलं की जाकिटाची घडी डिकीत, डब्याच्या शेजारी. ही जाकिटं प्लॅनोग्राममध्ये मागच्या रॅकवर, सगळ्यात खाली होती. मी ती पुढं आणली. चित्राप्रमाणे ती चूकच होती.

साठे सर सांगितलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच आले. ते दारातून आत आले तेव्हा वैशालीताई गाडीवर बसल्या होत्या. कार्डिगनच्या बदल्यात दुसरं काही बघायला आल्या होत्या. रुपाली मागे उकिडवी बसून जाकिटाची कड खाली ओढून बघत होती.

"हे काय आहे?" साठे सरांनी विचारलं.

"ट्रायल रूम, सर," रुपाली म्हणाली आणि उठून उभी राहिली.

मी पुढं झाले आणि कल्पना माझी असल्याचं सांगायला लागले. रुपालीनं मला मधेच थांबवलं. "सर, दुकान माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "गाडी पण माझीच आहे."

वैशालीताईंना या सगळ्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांनी पहिलं जाकीट नाकारलं, दुसरंही नाकारलं. तिसरं घालून हँडल डावी-उजवीकडे फिरवून बघितलं आणि गाडीवर बसल्या बसल्याच हे द्या म्हणाल्या. साठे सर घड्याळ न बघता उभे होते, हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच बघितलं.

त्या गेल्यावर ते रुपालीला म्हणाले, तुम्ही गिऱ्हाइकाला माल नाकारायला शिकवताय. रुपाली नाकारलेलं जाकीट हँगरवर चढवता चढवता बोलली.

"सर, परत येते तो माल विकलेला नसतेच. तो फक्त फिरून येते."

साठे सरांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर गाडी राहील, नंतर आकडे बघून ठरवू. कोणाचं ठरवू, ते त्यांनी सांगितलं नाही. निघताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण सिस्टिममध्ये हुशारीचा कॉलम नाही. ते खरंच होतं. ते वाईट माणूस नाहीत.

महिना संपला आणि रुपालीचं टार्गेट चुकलं. थोडक्यात चुकलं, पण चुकलं. कार्डिगन आणि श्रग महाग होते, जाकिटं स्वस्त. कितीही विकली तरी भरपाई होईना. बाकीच्या शाखांनी टार्गेट गाठल्याचे मेसेज ग्रुपवर पडत होते, त्यांच्याखाली टाळ्या. रुपालीनं प्रत्येकाला टाळ्या दिल्या. मग तिनं पोरींना बोलावून उद्यापासून आपण बहुतेक घड्या घालायला येऊ, असं सांगून टाकलं. पोरी तेव्हा हसल्या नाहीत.

तिला कोणी खाली आणलं नाही. पुढच्या पंधरवड्यात बाकीच्या शाखांचा ऑटम परत यायला लागला, सगळा 'साइज' म्हणून. परतीचे पैसे वजा करून हेड ऑफिसनं पुन्हा बेरीज केली, तेव्हा नागपूर वर निघालं. गाडी उभी केल्यानंतर आमच्याकडे परत आलेले कपडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. साठे सरांनी वर काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण त्यांनी आमच्या दुकानाचे फोटो पुन्हा मागवले, गाडीसकट.

पुढच्या सीझनच्या प्लॅनोग्राममध्ये प्रत्येक शाखेसाठी एक स्कूटर होती. फायबरची, गुलाबी, हेड ऑफिसनं बनवून चित्रासोबतच पाठवलेली. शेजारी पुतळा, अर्थात उभा. सीटवर पाटी होती, कृपया बसू नये. चित्राखाली ही संकल्पना हेड ऑफिसच्या क्रिएटिव्ह टीमची असल्याचं लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि चहा मागवला.

त्याच दिवशी रुपालीला पक्कं केल्याची मेल आली. तिनं ती मला मोठ्यानं वाचून दाखवली. कंपनीच्या डिस्प्लेविषयक सूचनांचं काटेकोर पालन केल्याबद्दल तिला मॅनेजरपदी कायम करण्यात येत होतं. वाचून झाल्यावर ती हसत सुटली, मग डोळे पुसले. मला फार बरं वाटलं.

या धंद्यात इतकी वर्षं काढून मी एवढंच शिकले की कपडा घालून बाई कुठं जाणार आहे, हे आधी विचारावं. आणि उत्तर सापडलं तर त्यावर आपलं नाव येण्याची वाट बघू नये. रुपालीनं ती पाहिली नाही. तिनं मेल बंद केली, गुलाबी स्कूटर कोपऱ्यात सरकवून तिच्यावर स्टोल वाळत घातल्यासारखे लावले आणि स्वतःची गाडी आणायला खाली गेली.