नुजहतच्या एस्टीमचे ब्रेक

सदर बाजारातल्या कितीतरी बायकांना गाडी शिकवली ती नुजहत शिकलगारनं. ती एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवते. शिकाऊ बाई बावचळली की नुजहतच्या पायाखालचा जादा ब्रेक कामाला येतो. आठवडाभर दुसऱ्या गिअरच्या वर जायचं म्हणून नसतं.

रविवारची सकाळ मात्र तिची. वडिलांच्या मागं त्यांची जुनी एस्टीम कुणाला नको होती, ती नुजहतनं ठेवून घेतली. रविवारी उजाडलं की ती पन्हाळ्याचा रस्ता धरायची. वाघबीळ सोडून चढ लागला की गाडीला मोकळं सोडायची. आचरटपणा नव्हता तो. वळणावर कुणाला ओलांडायची नाही, आपली बाजू सोडायची नाही. पण जोरात चालवायची, हे खरं. वळणाला गाडी नेमकी बसली की तिला जे वाटायचं, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

नवऱ्यालाही नाही. मुजम्मिल चष्म्याच्या दुकानात कामाला. शांत माणूस. जाऊ नको असं तो कधी म्हणाला नाही, आणि शेजारी कधी बसलाही नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी ती घाट उतरत होती. रस्ता मोकळा मिळाला म्हणून ती नेहमीपेक्षा जोरात सुटली होती आणि प्रत्येक वळणाआधी करकचून ब्रेक मारत होती. जळका वास आला. पुढच्या वळणाला तिनं ब्रेक दाबला, पेडल दगडासारखं घट्ट लागलं आणि गाडीचा वेग काही कमी होईना. तिनं गिअर खाली ओढला, हँडब्रेक हळूहळू वर घेतला आणि गाडी डोंगराकडच्या चरात घातली. चाक अडकलं, गाडी थांबली. समोरून कुणी आलं नाही हे नशीब.

तिनं मुजम्मिलला फोन केला. तो स्कूटरवरून आला. रागावला नाही. तिच्या शेजारी कठड्यावर बसला, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "विकूया का गाडी?"

"आधी ब्रेक बघू द्या," ती म्हणाली. "मग बोलू."

उद्यमनगरात सयाजीचं गॅरेज आहे. मोटारींच्या रॅलीत उतरणाऱ्या पोरांच्या गाड्या तो तयार करतो. त्यानं चाकं उघडली. चाकामागची डिस्क धरणारे ब्रेक पॅड तापून तापून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ब्रेक ऑइल कधी बदललंय हे नुजहतलाही आठवेना. सयाजीनं रॅलीच्या गाड्यांना लागतात ते पॅड सुचवले. म्हणाला, "भाभी, डिस्क लालबुंद झाली तरी ह्ये पॅड सोडणार न्हाईत." घाबरलेल्या माणसाला सगळ्यात जबरी वस्तूच हवी असते. नुजहतनं दुसरं काही विचारलं नाही. तेच बसवून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन निघाली. गल्लीच्या तोंडाला केळ्यांची हातगाडी आडवी आली. वेग काहीच नव्हता. तिनं ब्रेक दाबला, पण गाडीनं ऐकलंच नाही असं वाटलं. दोन्ही पायांनी जोर लावला तेव्हा कुठं थांबली. तोवर बंपर हातगाडीला लागला होता आणि केळ्यांच्या फण्या रस्त्यावर पडल्या होत्या.

"ब्रेक हाय का न्हाय भाभी?" केळीवाला म्हणाला.

तिनं खाली वाकून त्याची केळी गोळा करून दिली. घाटातल्यापेक्षा इथं तिला जास्त लाज वाटली. याच गल्लीत ती रोज बायकांना शिकवत होती.

तिथून ती तडक सयाजीकडं गेली. ते पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत, रॅलीची पोरं आधी तापवून घेतात, हे त्यानं आता सांगितलं. आपण फक्त घाटाचाच विचार केला, हेही कबूल केलं. नुजहतनं त्याच्याकडच्या स्टुलावर बसून नीट विचार केला आणि ती म्हणाली, "सयाजीभाऊ, मला शर्यत जिंकायची नाही. सकाळी गार गाडी गल्लीच्या तोंडाला थांबली पाहिजे, आणि घाटाच्या शेवटच्या वळणालाबी. दोन्ही जमणारं काय असंल ते द्या."

तसे पॅड होते. साध्यापेक्षा जास्त ताप सोसणारे, तरी गार असताना धरणारे. चाकावर काळी भुकटी जास्त बसेल, कधी चिरकतीलही, असं सयाजीनं आधीच सांगून ठेवलं. झिजलेल्या डिस्कही बदलल्या, आणि सहज न उकळणारं ताजं ब्रेक ऑइल भरलं.

नवे पॅड डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, न थांबता कमी करायचा, परत घ्यायचा, मग गार होऊ द्यायचे. ती त्यासाठी निघाली तेव्हा मुजम्मिल चप्पल घालून दारात उभा होता. "मी येतो," म्हणाला.

गाडी वेग घेत होती, कमी करत होती. त्यानं दाराची मूठ धरून ठेवली होती. मग समोर बघतच म्हणाला, "रविवारी तू येईस्तोवर मी गच्चीवर रस्त्याकडं बघत असतो. कपडे वाळत घालतो."

रविवारी कपडे हा का वाळत घालतो, असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. तिनं गाडी बाजूला घेतली. ब्रेक गार व्हायला वेळ द्यायचाच होता.

"मला सांगायचं की," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू गेली नसतीस. मग तोंड पाडून बसली असतीस. ते बघवलं नसतं."

गाडी विकायचा विषय परत निघाला नाही. नुजहत अजून रविवारी जाते. चढताना पहिल्यासारखीच जाते. उतरताना मात्र आधीच गिअर खाली घेते, ब्रेकला दम खाऊ देते. नवे पॅड आहेत म्हणून जास्त जोरात सुटायचा मोह झाला होता. तो तिनं आवरला. मुजम्मिल दर वेळी येत नाही. आला की वर गडावर पिठलं-भाकरी खातो, तटबंदीवर जरा चालतो. गेल्या रविवारी उतरताना त्याला चक्क डोळा लागला. तिनं वळणं सावकाश घेतली आणि वाघबीळला त्याला उठवलं, घरी दूध घेऊन जायचं होतं.