होडीच्या नाकावरचं तेल

आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. त्याच्या जवळचा कोरडा काठ धरणाच्या पाण्यापलीकडे आहे, आणि वडिलांचं वर्षश्राद्ध तिथेच व्हावं असं आईनं ठरवलं. तिला वडिलांच्या होडीतूनच तिथे जायचं होतं. होडी रंगवायचं काम मी अंगावर घेतलं. ती फायबरची होडी वडील दर दोन-तीन वर्षांनी स्वतः रंगवत, आणि मी काठावर पुस्तक घेऊन बसत असे. त्यांनी कधी हाक मारली नाही, मीही कधी उठलो नाही. निदान हे एक काम तरी त्यांच्यासाठी माझ्या हातून नीट व्हावं, असं वाटत होतं.

मी जुन्नरला शाळेत शिकवतो. तिथून पॉलिश पेपर, थिनर, प्रायमर, निळा रंग आणि मास्क आणले. रंगवण्याची रीत वाचून एका कागदावर उतरवून घेतली होती. होडी सावलीत, मोकळ्या हवेत ठेवली. फायबरची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क लावला, पेपर पाण्यात भिजवला आणि घासायला लागलो.

वडिलांबरोबर जन्मभर वल्हं मारलेले काका शेजारी येऊन बसले.

"मास्तर, आदी तेल काड. मग घास."

दर दसऱ्याला वडील होडीच्या नाकाला, म्हणजे पुढच्या टोकाला, तेल-शेंदूर लावत. तिथे तांबडा, गुळगुळीत थर बसला होता.

"काका, घासल्यावर तेल राहील कुठे?"

"ऱ्हातंय राव. घासलं की आत शिरतंय. तुजा बाप आदी थिनरची चिंधी फिरवायचा."

"मी नीट वाचून आलोय."

"मग झालं! मास्तरानं वाचलंय म्हनल्यावर होडीला ऐकायलाच पायजे."

माझ्या खिशातल्या कागदावर दुसऱ्याच ओळीत तेच लिहिलेलं होतं: आधी तेल पुसून काढा, मगच घासा. घाईत ती ओळ माझ्या नजरेतून सुटली होती. काकांनी सांगताच आठवली. पण आता मागं फिरणं मला जमेना. मी घासत राहिलो.

रंग छान दिसला. चार दिवसांनी निघताना आईनं होडीच्या नाकावर तळवा टेकवला. चढण्याआधी ती नेहमीच टेकवते. हात उचलला तेव्हा तळवा निळा झाला होता, आणि नाकावरची रंगाची साल त्याच्याबरोबर निघून आली होती.

"अगं बया, वलाच हाय की रंग!" आत्या म्हणाली.

आईनं हात पदराखाली घेतला. "दुकानदारानं रंगच खराब दिला असंल. पोरानं लई मेहनत घेतलीया."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो.

काका वल्हं घेऊन तिथेच उभे होते. त्यांनी होडी पाण्यात लोटली. पलीकडे पोचेपर्यंत मी पाण्याकडे बघत बसलो. विधी संपल्यावर आईनं नमस्कार केला, तोही मुठी मिटूनच.

पुढच्या रविवारी मी काकांकडे गेलो. "चिंधी कशी फिरवायची, दाखवा."

"एकाच दिशेनं पुसायचं, आन् चिंधी बदलत ऱ्हायची. तीच ती फिरवलीस तर तेल नुसतं पसरतंय," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे सगळं पुन्हा केलं.

तो रंग अजून पक्का आहे. आईला मात्र मी खरं सांगितलेलं नाही. होडीत चढताना ती आजही नाकावर तळवा टेकवते, आणि मी बघत नाही असं समजून तो हळूच उलटा करून पाहते.