निळं न झालेलं पान

वनस्पती आपलं अन्न आपणच तयार करतात, हे सातवीच्या वर्गाला सांगायला मला वीस मिनिटं लागतात. तेच दाखवायला त्या वर्षी सगळा हिवाळा गेला, आणि तरी ते धड दाखवलं असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही.

आमची शाळा वळ गावाच्या बाजूला, सातवीपर्यंतची. मी भिवंडीतून रिक्षाने जाते, आणि गोदामांकडे निघालेल्या कंटेनरच्या मागे रोज अडकते. शाळेच्या पूर्वेला भातशेत होतं, तिथे आता गोदाम आहे. त्याची पत्र्याची भिंत आमच्या छपराच्या तिप्पट उंच. सकाळचं ऊन त्या भिंतीपलीकडेच अडतं. आमच्या पटांगणात ते यायला साडेअकरा वाजतात. हे मला रोज दिसत होतं, पण याचा माझ्या विषयाशी काही संबंध आहे हे डोक्यात यायला फार उशीर झाला.

प्रयोग तसा साधा. कुंडीतलं झाड दोन दिवस अंधारात ठेवायचं, म्हणजे पानांत साठलेलं पिष्ट संपतं. मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून झाड पाच-सहा तास उन्हात ठेवायचं. पान तोडून पाण्यात उकळायचं, मग स्पिरिटमध्ये, त्याचा हिरवा रंग उतरेपर्यंत. शेवटी आयोडीनचे थेंब. जिथे ऊन लागलं तिथे पिष्ट, म्हणून तिथे निळा-काळा रंग. पट्टीखाली काही नाही. ते पान बघितलं की मुलं आयुष्यभर विसरत नाहीत, असं मला डी.एड.ला शिकवलं होतं.

पहिल्या वेळी पान निळं झालंच नाही. उकडलेल्या पालकासारखं पिवळट पडून राहिलं. अडतीस मुलं बाकांवर चढून बघत होती. आयोडीनची बाटली शाळेच्या कपाटातली, तिचं लेबल उंदरांनी खाल्लेलं, आतलं पाणी फिकट चहासारखं. ते उडून गेलं असणार. मी मुलांना म्हटलं, "उद्या परत करू."

दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून नवं आयोडीन नेलं. आधी त्याचीच परीक्षा घ्यायची ठरवली. मुलांना सांगितलं, घरून काहीही आणा, चिमूटभर. भात आला, बटाटा आला, साखर, मीठ, खडू. भात काळाकुट्ट झाला, साखरेला काही झालं नाही. वर्ग रंगला. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने दप्तरातून कोऱ्या कापडाचा तुकडा काढला. तिचे वडील भिवंडीत सायझिंगला कामाला, म्हणजे लूमवर चढवायच्या आधी सुताला खळ देतात तिथे. आई शेत बघते. ती मुलगी वर्गात फारशी बोलत नसे.

"बाई, यावर टाका."

मी थेंब टाकला. कापडावर निळा-काळा डाग पसरत गेला आणि वर्गात एकच गिल्ला झाला.

"कांजी हाय त्यात," ती शांतपणे म्हणाली. "धागा तुटू नये म्हनून लावतात. बाबा सांगतात, मक्याची असते."

मला इतका आनंद झाला, की मी तिला फळ्यापाशी बोलावून सगळं पुन्हा सांगायला लावलं. त्या हिवाळ्यातला तो एकच तास माझ्या मनासारखा झाला. तोही पुरता नाही. तास संपता संपता मागून एकाने विचारलं, "बाई, म्हणजे पान अन्न बनवत नाही, कापड बनवतं?" मी समजावलं, की कापडातलं पिष्ट मक्याच्या झाडानेच बनवलेलं असतं. त्याने मान डोलावली. आठवड्याने वही तपासली, तर त्यात 'कापड स्वतःचे अन्न स्वतः तयार करते' असं लिहिलेलं, खाली लाल शाईने अधोरेखित.

आता आयोडीन चांगलं होतं. मी शाळेतली जास्वंदीची कुंडी सामानाच्या खोलीत नेऊन ठेवली, दाराला कडी घातली. दोन दिवसांनी बाहेर काढली, पानाला पट्टी लावली, दुपारभर उन्हात ठेवली. पान उकळलं, थेंब टाकले. सगळं पान निळं! पट्टीखालीसुद्धा. चौकोन नाही, रेघ नाही, काही नाही.

"बाई, उन्हाशिवायपण होतं की," पहिल्या बाकावरून निष्कर्ष आला.

शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्यांना विचारलं, कुंडीला कुणी हात लावला होता का.

"मीच काढली हुती काल दिवसभर," त्या म्हणाल्या. "दोन दिवस कोंडून घातलंत, झाडानं मान टाकली हुती. म्हटलं जरा ऊन खाऊ दे. पाणी पन घातलं. सांजेला परत ठेवली ना जागेवर!"

म्हणजे कालच्या उन्हात पानांत पिष्ट पुन्हा भरलं होतं. मी त्यांच्यावर ओरडले. मुलांसमोर. त्या झाडू घेऊन निघून गेल्या. त्यांना एका जास्वंदीची दया आली म्हणून मी माझ्या आईच्या वयाच्या बाईला बोलले. दुसऱ्या दिवशी माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर हाय, पन झाडाचं पन बरोबर हुतं."

त्यातच मुख्याध्यापकांनी बोलावलं. तालुक्याहून पाहुणे येणार होते, शाळा बघायला.

"मॅडम, गुरुवारी तीन वाजता येतायत. तो तुमचा पानाचा प्रयोग ठेवा. मुलं स्वतः करतायत असं दिसलं पाहिजे."

"सर, तो अजून एकदाही जमलेला नाही."

"मग गुरुवारी जमवा."

या वेळी मी कोणावरच विसंबले नाही. कुंडी रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणली आणि लोखंडी कपाटात ठेवली. दोन दिवस माझ्या साड्या पलंगावर होत्या. गुरुवारी कुंडी चादरीत गुंडाळून परत शाळेत नेली. हिशोब पक्का होता. साडेअकराला ऊन येईल, अडीचपर्यंत तीन तास मिळतील. पुस्तकात पाच-सहा सांगितलेत, पण तीनात थोडं तरी दिसेल.

पाहुणे साडेबाराला आले. त्यांना पुढे गणेशपुरीला जायचं होतं, म्हणून इकडचं आधी उरकायचं ठरलं होतं. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं.

झाडाला जेमतेम तासभर ऊन लागलं होतं. मी पान तोडलं, मुलींनी पाणी उकळलं, स्पिरिटची बशी गरम पाण्यात ठेवली. पाहुण्यांपैकी एक सारखे मोबाईल बघत होते. पानाचा रंग उतरला आणि मी बाटलीला हात घातला, तेवढ्यात मुख्याध्यापक शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात झाकलेली बशी होती.

"मॅडम, हे घ्या. हे तयार आहे," ते हळूच म्हणाले.

झाकण काढताक्षणीच मला कळलं. पान रंग उतरवलेलं होतं, पण त्यावर एक तकाकी होती, आणि मधली पट्टी तेवढी कोरडी. भाताच्या पेजेत कापूस बुडवून फिरवलेला. मी 'नको' म्हणू शकले असते. माझंच पान घेऊन 'आज ऊन कमी मिळालं' असं सांगू शकले असते, आणि ते विज्ञानच झालं असतं. मी बशी घेतली आणि थेंब टाकले.

क्षणात पान काळंनिळं झालं, मधोमध फुटपट्टीने आखल्यासारखी मोकळी पट्टी. टाळ्या झाल्या. मोबाईल बघणाऱ्या पाहुण्यांनी फोटो काढला. दुसरे म्हणाले, "याला म्हणतात कृतीतून शिक्षण." मी हसले. तो फोटो संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर आला. त्यात मी खरोखरच आनंदी दिसते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती कापडवाली मुलगी मागे थांबली.

"बाई, त्या पानाला कांजी लावलेली ना?"

"तुला कसं कळलं?"

"रंग वरवर हुता. आन लगेच आला. आपल्या पानाला येल लागतो."

"हो," मी म्हटलं. "लावलेली होती."

"तुमाला म्हाईत हुतं?"

"झाकण काढलं तेव्हा कळलं."

ती डबा घेऊन बाहेर गेली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या तासाला मी वर्गाला खरं सांगून टाकलं. तो प्रयोग नव्हता, ती पेज होती, आणि चूक माझी. काही मुलं हसली, बऱ्याच जणांना फरक पडला नाही. पण गोष्ट ऑफिसात पोहोचली.

"मुलांसमोर शाळेची अब्रू काढलीत तुम्ही," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, थकलेला होता. "सहावीच्या वर्गाचे पत्रे गळतायत, मॅडम. तीन पावसाळे मी अर्ज करतोय. पाहुणे खूश होऊन गेले तर कागद पुढे सरकतो. एका पानासाठी मी काय करायला हवं होतं?"

 त्यांचंही खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच मला जास्त चीड आली. नुसत्या लबाड माणसाशी भांडणं सोपं असतं.

मी प्रयोगाचा नाद सोडला होता. तो परत काढला त्या मुलीनेच. म्हणाली, "बाई, आमच्या शेतात वाल हाय. तिकडं सकालपासून ऊन असतं. कुंडी कशाला पायजे?"

गोदामांच्या रांगेपलीकडे तिच्या आईने भात काढल्यावर वाल पेरला होता. मी विचार केला. झाड कपाटात कोंडायची गरजच नाही. पट्टी दोन-तीन दिवस पानावरच ठेवली, तर तेवढ्या भागातलं पिष्ट आपोआप संपेल. इतकं सोपं मला महिनाभर का सुचलं नाही, याचा राग अजून जात नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर सहा मुलींना घेऊन गेले. पाच पानांवर काळा कागद दुमडून टाचण्या लावल्या. तिची आई शेंगा खुडत होती, ती काम थांबवून बघायला आली.

"ह्या पट्ट्या कशाला, बाई? पाखरं भियाला?"

"पानाला दोन दिवस अंधार करायचाय. म्हणजे त्या भागाला जेवण मिळणार नाही, आणि ते आपल्याला रंगाने कळेल."

ती थोडा वेळ पानाकडे बघत राहिली. "येकाच झाडाला बांधा हां," म्हणाली. "शेंगा भरायच्या हायेत अजून."

मंगळवारी पानं आणली. एक स्पिरिटमध्ये उकळताना फाटलं. एकाची पट्टी वाऱ्याने सरकली होती, तिथे रंग अर्धवट आला. तीन पानं मात्र ठिपक्याठिपक्यांनी निळी-काळी झाली आणि मधे फिकट तपकिरी पट्टी राहिली, कडा पुसट, एका बाजूला जाड. फोटो काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. मुलींनी जसं दिसलं तसं काढलं. सरकलेल्या पट्टीचं पानही काढलं, आणि त्याखाली 'टाचणी सैल होती' असं लिहिलं. त्या दिवशी मी वर्गात कोणावर ओरडले नाही.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. आमच्याकडे पेपर आपापसांत बदलून तपासतात, विज्ञानाचे गणिताच्या सरांकडे गेले. प्रश्न होता: प्रकाशसंश्लेषणाला सूर्यप्रकाश लागतो हे दाखवणारा प्रयोग लिहा, गुण पाच. त्या मुलीने दीड पान लिहिलं होतं. वालाचं शेत, टाचण्या, फाटलेलं पान, सैल पट्टी, आणि शेवटी: 'पाचपैकी तीन पानांत पट्टी दिसली, म्हणून बहुतेक ऊन लागते.' तिला एक गुण होता. 'बहुतेक'भोवती लाल गोल.

मी पेपर घेऊन सरांकडे गेले.

"सर, हिने प्रत्यक्ष केलंय हे. जसं झालं तसं लिहिलंय."

"मॅडम, आदर्श उत्तरात कुंडी आहे, अंधारी खोली आहे, सिद्ध झाले असं वाक्य आहे. हिच्याकडे यातलं एकही नाही. बहुतेक म्हणजे काय? सिद्ध झालं की नाही?"

"पाच पानांत जेवढं सिद्ध होतं तेवढं झालं."

"मग बाकीच्यांनी बरोबर लिहिलंय त्यांचे मी कापू का?"

आम्ही अर्धा तास भांडलो. दोन गुण वाढवायला ते कसेबसे तयार झाले. मग मुख्याध्यापक म्हणाले, की निकाल सकाळीच ऑनलाइन भरून झालाय, आता उघडत नाही.

मे महिन्यात ती आईबरोबर दाखला न्यायला आली. आठवीला ती दुसऱ्या शाळेत जाणार होती. आई ऑफिसात सही करत होती. मी मुलीला व्हरांड्यात गाठून सांगितलं, की तुझं उत्तर बरोबर होतं, मी सरांशी बोलले, पण उपयोग झाला नाही.

"मग नव्या शालेत कुंडी लिवू का, बाई?" तिने विचारलं.

मी आधी ऑफिसच्या दाराकडे बघितलं. मग म्हटलं, "परीक्षेत कुंडी लिही. वहीत जे बघशील ते लिही."

हे बोलताना माझी मलाच लाज वाटली. तिने थोडा विचार केला.

"दोनदा लिवायचं म्हंजे लय लिवायला लागंल," ती म्हणाली, आणि आईने हाक मारली म्हणून गेली.